स्टेज पियानो घेताय? आधी या चुका टाळा

सगळ्यात कॉमन घोळ म्हणजे घरी रियाजाला घेतात तो डिजिटल पियानो आणि स्टेज पियानो, म्हणजे प्रोग्रामला साउंड सिस्टिमला जोडून वाजवायचा, हे एकच समजणं. दोन्हीला ८८ कीज, दोन्हीला हॅमर ॲक्शन (खऱ्या पियानोसारख्या जड कीज), दुकानात वाजवून बघितलं तर दोन्ही झकास, मग स्वस्तातला उचलायचा आणि पहिल्याच प्रोग्रामला साउंडवाला विचारतो, लाइन आउट (मिक्सरकडे आवाज न्यायचा जॅक) कुठंय? रोलंड एफपी-१० आणि यामाहा पी-४५ ला ते नाहीच, फक्त हेडफोनचा जॅक. त्यातून काम निघतं, नाही असं नाही, पण वायर खुपसली की आतले स्पीकर बंद होतात, म्हणजे स्टेजवर मॉनिटर (वाजवणाऱ्याकडे तोंड केलेला स्पीकर) दिला नाही तर स्वतःचंच वाजवणं ऐकू येत नाही, आणि एफपी-१० ला तर मोबाइलच्या इअरफोनसारखा ३.५ एमएमचा बारका जॅक आहे, वायरला कुणाचा पाय लागला की खरखर सुरू. एफपी-३०एक्स किंवा पी-१२५ ला वेगळे आउट दिलेत. त्यामुळे दुकानात गेलात की आधी मागची बाजू बघा, कीजवर बोटं नंतर फिरवा. आणि त्यांच्याकडे एखादा मोठा स्पीकर असेल तर त्याला जोडून ऐकवा म्हणावं, आतल्या स्पीकरवर ऐकून ठरवू नका. प्रोग्रामला तो आवाज कुणीच ऐकणार नसतो.

पण त्याच्याही आधी एक विचारा, तुम्ही नक्की वाजवता काय? आपल्याकडे मराठी गाण्यांच्या प्रोग्रामात नुसता पियानो असा किती लागतो हो? एका गाण्याला इंट्रो पियानोवर, मग बासरी, मग व्हायोलिनचा पीस, मध्येच ॲकॉर्डियन, सगळं एकट्या कीबोर्डवाल्याच्या गळ्यात. बासरीला मींड काढायची तर पिच बेंड, म्हणजे सूर वर-खाली सरकवणारा व्हील, लागतो आणि यामाहाच्या पी सिरीजला किंवा रोलंडच्या एफपी सिरीजला तो व्हीलच नाही. मग कितीही भारी हॅमर ॲक्शन असू दे, बासरी सरळसोट वाजणार. माझं स्पष्ट मत आहे की असे प्रोग्राम करणाऱ्याने ८८ कीजचा हट्ट सोडावा. यामाहा सीके६१ सारखं काहीतरी, साडेपाच किलोच्या आसपास, पिच बेंड आहे, ऑर्गनचे ड्रॉबार (टोन बदलायच्या सरकत्या दांड्या) आहेत, बॅटरीवर पण चालतं. किंवा रोलंड एक्सपीएस-१०, त्यात आपले देशी आवाज आधीच भरलेत. गझल, जॅझ किंवा चर्चमध्ये खरंच पियानोच वाजवणार असाल तर मात्र हॅमर ॲक्शनला पर्याय नाही, तिथे कंजूषी नको.

वजनाचं लोक घरी येईपर्यंत विसरतात. रोलंडचा आरडी-२००० जवळपास २२ किलो, वर हार्ड केस. गडकरी रंगायतनला गाडीने जाणं वेगळं आणि तालुक्याच्या गावी रात्री दोनला मांडवातून उचलून टेम्पोत चढवणं वेगळं. ८८ कीज म्हणजे लांबी साधारण सव्वा मीटरच्या वर, छोट्या गाडीच्या मागच्या सीटवर आडवा बसेलच असं नाही, टेप घेऊन आधीच मोजा. मधला रस्ता म्हणजे ७३ कीज, यामाहाचा सीपी७३ तेरा किलोचा आहे. आणि स्टँडवर पैसे वाचवू नका, सिंगल दांडीच्या एक्स स्टँडवर हॅमरवाला कीबोर्ड ठेवला की जोरात कॉर्ड मारल्यावर सगळं डुलतं.

आता पट्टी. गायिका विंगेत येऊन सांगणार, आज गळा बसलाय, काळी पाच नको, काळी चारमधून घेऊ. कीबोर्डवर ट्रान्सपोझचं, म्हणजे पट्टी बदलायचं, बटण समोर असेल तर दोनदा दाबलं की झालं, पण घरगुती मॉडेलात एक बटण दाबून धरून दुसऱ्या हाताने ठराविक की दाबायची असते, अंधारात काय कप्पाळ दिसणार. आणि गाणं संपलं की ते शून्यावर आणायचं राहिलं तर पुढच्या गाण्याची पट्टी चुकलीच म्हणून समजा. म्हणून सेटिंग गाण्याप्रमाणे सेव्ह करता येतं का हे घेतानाच बघा. हार्मोनियमसोबत वाजवणार असाल तर अजून एक, पेटी ४४० हर्ट्झलाच, म्हणजे कीबोर्डच्या नेहमीच्या ट्यूनिंगलाच, असेल असं नाही आणि पेटीचे सूर स्टेजवर काही हलवता येत नाहीत, तबला पण पेटीलाच मिळवलेला असतो, त्यामुळे हलायचं आपणच. मास्टर ट्यूनिंग (सगळे सूर एकदम किंचित वर-खाली करायचं सेटिंग) कुठल्या मेनूत आहे ते घरी शोधून ठेवा.

ऐन वेळच्या तक्रारी तर ठरलेल्या. हॉलमध्ये पियानो पोकळ, डब्यात वाजल्यासारखा येतोय? बहुतेक तुमचे लेफ्ट-राइट दोन्ही साउंडवाल्याने मोनोत एकत्र केलेत, दोन बाजूंच्या आवाजांनी एकमेकांना खाल्लं. फक्त लेफ्ट/मोनो लिहिलेल्या जॅकमधून एकच वायर द्या, नाहीतर मोनो पियानोचा टोन निवडा. पेडल उलटं चालतंय, म्हणजे पाय उचलला की आवाज लांबतो? कीबोर्ड चालू करताना पेडलवर पाय होता का आठवा, बरेच बोर्ड चालू होतानाच पेडल कुठल्या पद्धतीचं आहे ते ओळखतात. बंद करून पाय बाजूला ठेवून परत चालू करा. तरीही तेच, तर पेडल दुसऱ्या कंपनीचं असणार, खाली छोटा स्विच असला तर फिरवा.

सतत हम्म येतोय आणि लॅपटॉप यूएसबीने जोडलाय, तर त्याचा चार्जर काढून बघा. आवाज गेला तर दोष अर्थिंगचा आहे, ग्राउंड लिफ्टवाला डीआय बॉक्स (कीबोर्ड आणि मिक्सरच्या मध्ये लावायची डबी, तिच्या स्विचने वायरमधला अर्थिंगचा जोड तुटतो) लावा. तीन पिनी प्लगची अर्थिंगची पिन कापायचा जुगाड काहीजण सांगतात, तो अजिबात करू नका, जनरेटरच्या लाइनवर शॉक बसून जीव जाऊ शकतो.

आवाज अर्ध्यातच तुटतो असं वाटलं तर पॉलिफनी, म्हणजे एका वेळी किती सूर वाजू शकतात ती मर्यादा, संपतेय. पी-४५ ला ६४ आहे, एकेका स्टिरिओ नोटला दोन-दोन जातात, त्यात स्ट्रिंग्जचा लेयर (पियानोवर दुसऱ्या आवाजाचा थर) टाकून पेडल दाबून धरलं की संपलीच. लेयर काढा, पेडल कमी दाबा. आणि परदेशातून कुणी बोर्ड आणून दिला तर लावण्याआधी ॲडाप्टरवर १००-२४० लिहिलंय का वाचा, नुसतं १२० असेल तर आपल्या २३० वर तो जळेल. इथे दुसरा घेताना पिन बसली म्हणजे चालेल असं नसतं, व्होल्ट आणि पिनेचा प्लस आत की बाहेर हे जुळलं पाहिजे, अँपिअर तेवढेच किंवा जास्त पाहिजेत.