अमेरिकेतली सुरुवातीची वाहतूक क्रांती: उत्तर लिहिताना या चुका टाळा

'वाहतुकीमुळे अमेरिकेची सुरुवातीची अर्थव्यवस्था कशी बदलली?' हा प्रश्न दिसला की बहुतेक जण पहिल्याच ओळीत रेल्वे आणतात. काही जण तर थेट १८६९ मध्ये पॅसिफिककडे पोचलेल्या रेल्वेमार्गापासून सुरुवात करतात. तोवर प्रश्नातला काळ संपलेला असतो. १८४० मध्ये देशात रेल्वे आणि कालवे, दोन्हींची लांबी प्रत्येकी जेमतेम तीन-साडेतीन हजार मैल होती. रेल्वे ३० हजार मैलांवर गेली ती १८६० पर्यंत. त्याआधी बदल घडवला तो टोलच्या रस्त्यांनी, वाफेच्या बोटींनी आणि कालव्यांनी.

वेग आणि भाडं यांत गल्लत

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. कालव्यातली बोट घोडे किंवा खेचरं काठावरून ओढत नेत. ती माणसाच्या चालीहून फार वेगाने जात नसे. मग क्रांती कसली? तर भाड्याची. १८१६ च्या सिनेटच्या एका अहवालात हिशेब आहे: एक टन माल युरोपहून समुद्रमार्गे आणायला सुमारे ९ डॉलर लागत आणि तेवढ्याच पैशांत तो देशात रस्त्याने जेमतेम ३० मैल जाई. म्हणूनच पश्चिम पेनसिल्व्हेनियातला शेतकरी धान्य डोंगरापलीकडे नेण्याऐवजी त्याची व्हिस्की करून विकायचा. त्याच व्हिस्कीवर कर बसला आणि १७९४ मध्ये तिथे बंड झालं, हे लक्षात घेतलं तर वाहतुकीचा प्रश्न किती खोलवर होता ते कळतं.

१८२५ मध्ये हडसन नदी आणि ईरी सरोवर यांना जोडणारा ३६३ मैलांचा ईरी कालवा खुला झाला. बफेलो ते न्यूयॉर्क टनाला सुमारे १०० डॉलर पडणारं भाडं १० डॉलरच्या आत आलं. आता गहू गहू म्हणूनच विकता येऊ लागला. उत्तरात हे दोन आकडे असू द्या. 'व्यापाराला चालना मिळाली' या वाक्याने परीक्षकाला काहीच कळत नाही.

वाफेच्या बोटीबद्दल लिहिताना १८०७ आणि त्या वर्षी हडसन नदीत अशी बोट यशस्वीपणे चालवणारा रॉबर्ट फुल्टन एवढ्यावर थांबू नका. मिसिसिपीतून माल खाली न्यू ऑर्लिन्सला नेणं आधीही जमत होतं. शेतकरी लाकडी तराफ्यासारखी सपाट बोट बांधून जायचे, तिथे ती मोडून लाकूड विकायचे आणि पायी परतायचे. प्रवाहाविरुद्ध माल आणायला मात्र तीन-चार महिने लागत. वाफेने सोडवला तो हा उलटा प्रवास.

पैसा कोणाचा?

'केंद्र सरकारने कालवे बांधले' हे चूक आणि 'खासगी भांडवलाने सगळं केलं' हेही चूक. अध्यक्ष मॅडिसन यांनी मार्च १८१७ मध्ये रस्ते-कालव्यांना केंद्राचा निधी देणारं विधेयक नाकारलं; त्याच वर्षी जुलैत न्यूयॉर्क राज्याने रोखे विकून ईरीचं खोदकाम सुरू केलं. खर्च सुमारे ७० लाख डॉलर, आणि टोलमधून तो वसूलही झाला.

ते यश पाहून इतर राज्यंही कर्ज काढून कालव्यांच्या मागे लागली, आणि उत्तरं इथेच अर्धवट राहतात. पेनसिल्व्हेनियाने डोंगर ओलांडायला उतारांवरून बोटी वर ओढण्याची सोय केली. महागडी होती, ईरीशी स्पर्धा जमली नाही. १८३७ च्या मंदीनंतर पेनसिल्व्हेनिया, इंडियाना यांसारख्या राज्यांना व्याज भरणंही अशक्य झालं.

झळ कोणाला बसली, हे गाळू नका. वाफेच्या बोटींनी कापूस स्वस्तात बाहेर पडू लागला, तशी मिसिसिपीच्या खोऱ्यात गुलामगिरीही पसरली. पश्चिमेचा गहू आल्यावर न्यू इंग्लंडच्या खडकाळ शेतांना टिकाव धरता येईना.

नकाशा काढणार असाल तर ईरी कालवा मिसिसिपीला जोडू नका. तो हडसन नदीवरच्या ऑल्बनीपासून ईरी सरोवराकाठच्या बफेलोपर्यंत होता.