सर्व्हरची डिस्क भरली? घाईत या चुका टाळा

मे महिन्यात सकाळी सव्वासहाला सावद्याहून फोन आला. "भाऊ, पावती निघत नाहीये. काट्यावर चार गाड्या उभ्या आहेत."

केळीच्या धंद्यात याचा अर्थ रावेर-यावल पट्ट्यात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. घड कापले की ते गाडीत चढलेच पाहिजेत, आणि मेमध्ये इकडे नऊ वाजताच ऊन सोसवत नाही. व्यापाऱ्याच्या ऑफिसातल्या कोपऱ्यात एक छोटा सर्व्हर आहे. उबुंटू ही लिनक्स प्रणाली, त्यावर प्रोग्रॅम वेगवेगळ्या कप्प्यांत (कंटेनरमध्ये) चालवणारं डॉकर, पोस्टग्रेस हा डेटाबेस आणि वजनपावत्यांचं अ‍ॅप. मी भुसावळहून लॉगिन केलं. 240 जीबीची डिस्क शंभर टक्के भरलेली, पोस्टग्रेस बंद, आणि लॉगमध्ये (नोंदींच्या फाइलमध्ये) एकच ओळ पुन्हा पुन्हा: नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस.

अशा वेळी हात सगळ्यात आधी डिलीटकडे जातो. बहुतेक नुकसान इथेच होतं. डिस्क भरल्याने डेटा सहसा जात नाही, अ‍ॅप फक्त थांबतं. डेटा जातो तो घाईत केलेल्या साफसफाईने.

न मोजता पुसायला सुरुवात करणं

आधी डीएफ ही कमांड चालवून कोणतं पार्टिशन (डिस्कचा भाग) भरलंय ते पाहा, मग डीयूने कोणत्या फोल्डरने जागा खाल्ली ते शोधा. डीयूला एक्स हा पर्याय नक्की द्या, म्हणजे तो दुसऱ्या डिस्कवर न भटकता त्याच पार्टिशनपुरता मोजतो. जागा शिल्लक दिसत असूनही तीच एरर येत असेल तर डीएफला आय हा पर्याय देऊन आयनोड (प्रत्येक फाइलसाठी लागणारी नोंद) तपासा. लाखो बारीक फाइल्स साठल्या की जागा असूनही आयनोड संपतात, मग एकही नवी फाइल तयार होत नाही.

सावद्यात मोजल्यावर हिशोबच लागेना. डीएफ म्हणत होता डिस्क पूर्ण भरली, आणि डीयूची बेरीज जेमतेम 130 जीबीपर्यंत पोचत होती. उरलेली शंभरेक जीबी गेली कुठे?

या दोन आकड्यांत फरक पडण्याचं नेहमीचं कारण म्हणजे पुसलेली पण अजून उघडी असलेली फाइल. चालू अ‍ॅपची मोठी लॉग फाइल तुम्ही पुसली, तरी अ‍ॅपने ती धरून ठेवली असेल तोवर जागा सुटत नाही. फाइल यादीतून जाते, डिस्कवर राहते. एलएसओएफ या कमांडला प्लस एल 1 दिलं की अशा फाइल्स दिसतात, आणि ती सेवा रीस्टार्ट केली की जागा परत मिळते. म्हणून चालू लॉग पुसायचा नसतो, ट्रंकेटने शून्यावर आणायचा असतो. पण आमच्याकडे अशी एकही फाइल निघाली नाही.

माउंट न झालेल्या (सिस्टिमला न जोडलेल्या) डिस्कवर बॅकअप घेणं

खरं कारण इथे होतं. रोज रात्रीचा बॅकअप यूएसबी डिस्कवर जायचा. काही आठवड्यांपूर्वी रात्री लाईट गेली, आली, पुन्हा गेली. सर्व्हर परत सुरू झाला, पण यूएसबी डिस्क वेळेवर जागी झाली नाही. एफएसटॅब या डिस्क जोडण्याच्या यादीत नोफेल (डिस्क नसली तरी पुढे जा) लिहिलेलं असल्यामुळे सर्व्हर तिच्यासाठी न थांबता पुढे गेला. बॅकअपची स्क्रिप्ट मात्र रोज रात्री इमानेइतबारे त्याच बॅकअप फोल्डरमध्ये लिहीत राहिली. फोल्डर होतं, डिस्क नव्हती. सगळं मूळ डिस्कवर साठत गेलं. पुढे कुणीतरी केबल काढून घातली, डिस्क माउंट झाली, आणि आतला सगळा ढीग तिच्याखाली झाकला गेला. डीयूला तो दिसणं शक्यच नव्हतं.

असा ढीग पाहायचा असेल तर मूळ फाइल सिस्टिम बाइंड माउंटने दुसऱ्या एखाद्या रिकाम्या फोल्डरवर उघडा. तिथे वरच्या डिस्कशिवायचं खरं चित्र दिसतं. आम्हाला त्यात 104 जीबीचे बॅकअप सापडले. अलीकडचे दोन नव्याने माउंट झालेल्या यूएसबी डिस्कवर हलवले, ते नीट उघडतात का ते पाहिलं, मगच बाकीचे पुसले. सात चाळीसला पहिली पावती निघाली.

हे पुन्हा होऊ नये म्हणून दोन गोष्टी करा. स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच माउंटपॉइंट या कमांडने डिस्क खरंच जोडलेली आहे का ते तपासा, नसेल तर स्क्रिप्ट तिथेच थांबवा. शिवाय डिस्क काढलेली असताना त्या रिकाम्या फोल्डरला चॅटर या कमांडने प्लस आय लावा, म्हणजे डिस्क नसताना रूटलासुद्धा (सर्वाधिकार असलेल्या वापरकर्त्यालाही) त्यात लिहिता येत नाही. नोफेल काढू नका. आपल्याकडे लाईटचा भरवसा नाही, आणि बॅकअप डिस्कपायी पूर्ण सर्व्हर अडून बसणं परवडत नाही.

डेटाबेस बंद असताना डॉकरचं प्रून

ही चूक मला सगळ्यात धोक्याची वाटते. प्रून ही डॉकरची साफसफाईची कमांड फक्त बिनकामाचं काढते हे खरं, पण डॉकरच्या लेखी बंद पडलेला कंटेनर बिनकामाचाच असतो. डिस्क भरल्यामुळे नेमका तुमचा डेटाबेसच बंद पडलेला असतो! साधं सिस्टम प्रून व्हॉल्यूमला (डेटा ठेवण्याच्या जागेला) हात लावत नाही, पण नेटवर कुठेतरी वाचून व्हॉल्यूमचे पर्याय जोडले तर डेटा जाऊ शकतो, आणि कोणत्या पर्यायाने नेमकं काय जातं हे डॉकरच्या आवृत्तीवरही अवलंबून असतं. सगळ्या इमेज (कंटेनर बनवण्याचे साचे) काढणारा पर्याय दिलात तर त्या पुन्हा डाउनलोड कराव्या लागतील. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, काट्यावर गाड्या उभ्या असताना, ते किती वेळ घेईल याचा आधी विचार करा. म्हणून आधी डॉकर सिस्टम डीएफने नुसतं पाहा, आणि अ‍ॅप चालू झाल्यावरच साफ करा. डॉकरच्या ओव्हरले2 फोल्डरमधलं हाताने काहीही पुसू नका.

डॉकरचे नेहमीचे जेसन लॉग आपणहून कधीच कापले जात नाहीत, वर्षानुवर्षं वाढत राहतात. डीमन जेसन या डॉकरच्या सेटिंग फाइलमध्ये मॅक्स साइझ आणि मॅक्स फाइल लिहा. ही मर्यादा फक्त नव्या कंटेनरला लागते, त्यामुळे जुने कंटेनर नव्याने तयार करावे लागतात. नुसत्या रीस्टार्टने काही होत नाही.

पोस्टग्रेसच्या फोल्डरमध्ये हात घालणं

पीजी वॉल या फोल्डरमध्ये पोस्टग्रेस प्रत्येक बदलाची नोंद ठेवतो; त्याचं पूर्वीचं नाव पीजी एक्सलॉग होतं. लॉग म्हणजे पुसायची वस्तू असं समजून लोक ते रिकामं करायचे आणि डेटाबेस गमावून बसायचे. 2017 साली आलेल्या 10व्या आवृत्तीत नाव बदललं, सवय काही ठिकाणी अजून गेलेली नाही. ते फोल्डर फुगलं असेल तर बंद पडलेला रेप्लिकेशन स्लॉट (दुसऱ्या सर्व्हरसाठी नोंदी राखून ठेवणारा) किंवा अडकलेलं आर्काइव्हिंग (त्या नोंदींची दुसरीकडे साठवण) शोधा.

जुन्या पावत्या डिलीट करूनही लगेच जागा सुटत नाही. पोस्टग्रेस ती जागा सहसा स्वतःच्याच पुढच्या नोंदींसाठी ठेवतो. व्हॅक्यूम फुल ती सोडवतं, पण त्यासाठी टेबलची नवी प्रत लिहितं आणि तोवर टेबल बंद ठेवतं. भरलेल्या डिस्कवर ते चालणार नाही, आणि केळीच्या हंगामात दिवसा तर नकोच.

तातडीची जागा कुठून मिळेल?

बिनधोक ठिकाणं थोडी आहेत. अ‍ॅप्ट क्लीनने डाउनलोड झालेली पॅकेज, अ‍ॅप्ट ऑटोरिमूव्हने जुने कर्नल, आणि जर्नलसीटीएलच्या व्हॅक्यूम साइझने सिस्टिमचे जुने लॉग. हे लॉग, म्हणजे जर्नल, एरवी फाइल सिस्टिमच्या दहा टक्क्यांपर्यंत, जास्तीत जास्त 4 जीबी वाढू शकतं. एवढ्यावर डेटाबेस सहसा उठतो.

मी आता प्रत्येक सर्व्हरवर एफअ‍ॅलोकेटने 2 जीबीची एक रिकामी फाइल करून ठेवतो. डिस्क भरली की ती एक फाइल पुसायची, अ‍ॅप चालू करायचं, गाड्या जाऊ द्यायच्या आणि मग निवांत शोध घ्यायचा. सावद्याच्या सर्व्हरवर तिचं नाव 'अडीअडचण' आहे. नाव मालकांनीच सुचवलं, म्हणजे मी फोनवर नसलो तरी कोणती फाइल पुसायची ते त्यांच्या मुनीमजींना कळतं.