लाइट रेल स्टेशनभोवती वस्ती वाढवायची असेल तर या चुका टाळा

लाइट रेलचं, म्हणजे शहरात धावणाऱ्या हलक्या विजेच्या रेल्वेचं, स्टेशन होऊन आठ-दहा वर्षं झाली, गाडी वेळेवर येते, तरी आजूबाजूला नुसतं रान आणि पार्किंग, ही तक्रार जगात बऱ्याच शहरांची आहे. मी राहतो अमेरिकेत ओरेगन राज्यातल्या हिल्सबरोला, पोर्टलंडच्या पश्चिमेला, इंटेलमुळे इथे मराठी घरं भरपूर आहेत, आणि माझं रोजचं स्टेशन ऑरेन्को. पूर्वी इथे झाडांची मोठी नर्सरी होती, ओरेगन नर्सरी कंपनी, तिच्या नावाचे तुकडे जोडून गावाचं नाव ऑरेन्को झालं. आज प्लॅटफॉर्मवरून बाहेर पडलं की समोर चौक, पाच-सहा मजली बिल्डिंगा, पण हे सगळं सुरुवातीपासून असं नव्हतं आणि ते का नव्हतं हे समजून घेतलं तर अर्ध्या चुका तिथेच कळतात.

मॅक्सची, म्हणजे पोर्टलंडच्या लाइट रेलची, ही पश्चिमेकडची लाइन सप्टेंबर १९९८ मध्ये सुरू झाली. घरं आणि दुकानं मात्र आधी उठली ती कॉर्नेल रोडच्या कडेला, स्टेशनपासून साधारण ४०० मीटरवर, आणि मधली जमीन कित्येक वर्षं मोकळीच राहिली. लोक याला फसलेलं प्लॅनिंग म्हणायचे, मला ते पटत नाही. नुसत्या गाडीतून उतरणाऱ्या लोकांवर दुकान चालत नाही हो, विशेषतः पहिली काही वर्षं. कॉफीवाला, किराणावाला यांना दिवसभर गिऱ्हाईक लागतं आणि ते तेव्हा कॉर्नेल रोडवरच्या कारमधूनच येत होतं. त्यामुळे ती दुकानं टिकली, वस्तीला जीव आला, आणि मग २०१० नंतर मधली जागा भरत गेली. म्हणून पहिल्याच दिवशी प्रत्येक बिल्डिंगच्या तळमजल्यावर दुकानांची सक्ती करू नका, गाळे रिकामे पडतात आणि रिकाम्या काचांसमोरून चालायला कोणालाच आवडत नाही. उंच छताचे तळमजले बांधा, आज घर किंवा ऑफिस म्हणून वापरा, उद्या गर्दी वाढली की दुकान काढा.

आता ते ४०० मीटर. नकाशावर कंपास ठेवून वर्तुळ काढायचं आणि म्हणायचं की हे सगळे स्टेशनजवळचे, ही सगळ्यात मोठी चूक. माझी आई पुण्याहून आली होती, नोव्हेंबरचा पाऊस, हातात भाजीची पिशवी, आणि कॉर्नेल रोड ओलांडायचा होता. बटण दाबून सिग्नलची वाट बघत उभं राहायचं, मग रुंद रस्ता, अर्ध्यातच आकडे उलटे मोजायला लागतात, आई मधेच थबकली आणि माझा दंड घट्ट धरला. नकाशावर पाच मिनिटं, तिच्यासाठी पंधरा. त्या दिवसापासून मी अंतर मीटरमध्ये मोजत नाही, वाटेत किती वेळा थांबावं लागतं, सावली किंवा आडोसा आहे का, वाटेवर एखादी उघडी खिडकी आहे का, हे बघतो. पुण्यातही मेट्रो स्टेशनभोवती ५०० मीटरच्या टप्प्यात जास्त एफएसआय, म्हणजे त्याच प्लॉटवर जास्त बांधकामाची परवानगी, मिळतो, तिथे राहणाऱ्यांनी एकदा तेवढं अंतर पायी चालून बघावं, फूटपाथ कुठे संपतो ते लगेच कळेल.

दुसरं म्हणजे लाइन कुठून नेता. पोर्टलंडची पहिली लाइन १९८६ ची, पूर्वेला ग्रेशमकडे जाणारी, तिचा मोठा भाग बॅनफील्ड फ्रीवेला खेटून जातो. एट्टी-सेकंड अॅव्हेन्यूच्या स्टेशनवर पुलावरून खाली उतरावं लागतं आणि शेजारून ट्रक जात असतात, फोनवरचं बोलणं ऐकू येत नाही. स्टेशनच्या वर्तुळाचा एवढा मोठा तुकडा फ्रीवेने आधीच गिळलाय, तिथे घरं वाढणार कुठे? कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेत हेच आणखी ठळक दिसतं, तिथली लाइट रेल १९८७ पासून आहे, दक्षिणेकडे ती हायवे ८७ च्या मधोमध धावते आणि उत्तरेला ऑफिसं अशी की प्रत्येकाच्या पुढे पार्किंगचं मैदान. हायवेच्या कडेची जागा सोपी आणि स्वस्त पडते हे खरं, पण त्या बचतीची किंमत पुढची पन्नास वर्षं भरावी लागते.

लाइन आधीच तशी बांधून झाली असेल तर? मग पार्किंगकडे बघा. सॅन होजेच्याच ओलोनी-चिनोवेथ स्टेशनवर फारशी न भरणारी पार्क-अँड-राइडची, म्हणजे कार लावून पुढे गाडीने जाणाऱ्यांसाठीच्या पार्किंगची, जागा घेऊन तिथे परवडणारी घरं बांधली. जमीन सरकारी संस्थेची होती म्हणून हे जमलं, त्यामुळे स्टेशनजवळची सरकारी जमीन घाईने विकून टाकू नका, भाडेपट्ट्याने द्या. आणि बिल्डरवर पार्किंगची सक्ती असेल तर ती काढा, कॅलिफोर्नियाने २०२२ च्या कायद्याने मोठ्या ट्रान्झिट स्टॉपपासून अर्ध्या मैलात ती जवळपास काढूनच टाकलीय.

झोनिंगला, म्हणजे कुठल्या जागेवर काय बांधता येईल हे ठरवायला, उशीर करू नका. हिल्सबरोच्या लाइनवर गाडी धावायच्या आधीच स्टेशनभोवतीचे आराखडे तयार केले होते. एकदा का ड्राइव्ह-थ्रू, म्हणजे कारमध्ये बसूनच खरेदी करायची दुकानं, आणि गोदामं उभी राहिली की पुढे तीस वर्षं ती हलत नाहीत.

आणि सगळी जागा एकाच बिल्डरच्या गळ्यात घालू नका. बीव्हर्टन सेंट्रल स्टेशनला लागून ‘द राउंड’ नावाचा देखणा प्रकल्प सुरू झाला, पैसे आटले आणि वर्षानुवर्षं अर्धवट सांगाडा गाडीतल्या प्रत्येकाला दिसत राहिला. छोटे प्लॉट पाडा, रस्ते आणि गटारं आधी पालिकेने करून द्यावीत, मग एक जण अडकला तरी शेजारचा बांधत राहतो.

तुमच्या स्टेशनचं नेमकं काय दुखतंय ते शोधायचं असेल तर रात्री नऊला तिथे उतरा, घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला सोबत घ्या आणि जवळच्या दुकानापर्यंत चालत जा. जिथे ते माणूस थांबेल, तिथे खूण करून ठेवा, दुरुस्तीची सुरुवात तिथून.