एनबीएचा करार वाचायला बसण्याआधी

एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमध्ये, करार संपून मोकळ्या झालेल्या खेळाडूंचा बाजार उघडतो तेव्हा आपल्याकडे १ जुलैची पहाट असते, साडेतीनची. गजर लावणार असाल तर रात्रीच उशाशी कागद-पेन ठेवा. बातम्या मिलियनमध्ये येतात. दहाने भागलं की कोटी.

कागदावर पहिली सॅलरी कॅप लिहा, म्हणजे संघाच्या एकूण पगारांवरची मर्यादा. २०२५-२६ साठी ती १५ कोटी ४६ लाख डॉलर होती. शेजारी खेळाडूचे हंगाम मांडा: सहापर्यंत असतील तर कमाल पगार कॅपच्या २५ टक्के, सात ते नऊला ३०, दहा किंवा जास्त असतील तर ३५. ऑल-एनबीए संघात, म्हणजे हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या यादीत, निवड झालेल्यांना वरची पायरी लवकर चढता येते. मग संघ बघा. जुन्याच संघाकडे ‘बर्ड हक्क’ (आपला खेळाडू कॅप ओलांडूनही राखण्याचा हक्क) असतील तर पाच वर्षं आणि ८ टक्क्यांपर्यंत वाढ, नव्या संघाशी करार केला तर चार वर्षं आणि ५ टक्के. ही वाढ चक्रवाढ नसते, आणि भल्याभल्यांचं गणित इथेच फसतं. बोस्टनच्या जेसन टेटमचा २०२४ चा करार हाताने मांडून बघाच. पहिल्या वर्षी कॅपचे ३५ टक्के, म्हणजे ५ कोटी ४१ लाख. त्याचे ८ टक्के साधारण ४३ लाख, आणि दरवर्षी तेवढेच वाढणार. पाचव्या वर्षी ७ कोटी १४ लाख. बेरीज ३१ कोटी ४० लाख, बातमीत आली होती तेवढीच.

गॅरंटीचा, म्हणजे संघाने सोडलं तरी मिळणाऱ्या पगाराचा, रकाना मात्र ऐसपैस ठेवा. ड्राफ्टच्या, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या, पहिल्या फेरीत निवडलेल्या पोराची दोनच वर्षं पक्की. तिसरं-चौथं संघाच्या मर्जीवर. बड्या खेळाडूच्या शेवटच्या वर्षापुढे ‘प्लेअर ऑप्शन’ दिसला तर मर्जी त्याची. गॅरंटी नसलेला पगार १० जानेवारीला पक्का होतो, म्हणून त्याआधीच्या दिवसांत काढाकाढी चालते. आणि पक्का म्हणजे किती पक्का? मिलवॉकीने जुलै २०२५ मध्ये डेमियन लिलार्डला सोडलं तेव्हा दोन वर्षांचे सुमारे ११ कोटी ३० लाख देणं होतं. उरलेल्या वर्षांची दुप्पट अधिक एक या नियमाने ते पाच वर्षांवर ताणलं. लिलार्ड पोर्टलंडला परतला, पण मिलवॉकीच्या कॅपवर दरवर्षी सव्वादोन कोटी बसलेच.

बारीकसारीक कलमांत दोनच शोधा. अदलाबदल झाल्यास मिळणारा बोनस, जास्तीत जास्त १५ टक्के. आणि परवानगीशिवाय न विकण्याची अट, जी मागायला आठ हंगाम आणि त्यातले चार त्याच संघात लागतात. ब्रॅडली बीलने ती २०२२ मध्ये वॉशिंग्टनकडून मिळवली आणि पुढच्या वर्षी फिनिक्सला जाताना सोबत नेली!

शेवटी वजाबाकी. एजंटचे जास्तीत जास्त ४ टक्के, एस्क्रोत (लीग राखून ठेवते त्या रकमेत) अडकणारे १० टक्के, मग कर. संघाचं शहरही लिहून ठेवा: टेक्सास आणि फ्लोरिडात राज्याचा प्राप्तिकर नाही, कॅलिफोर्नियात आहे, आणि बाहेरगावच्या सामन्यांवर त्या-त्या राज्याचा वेगळा.