घरबसल्या रिसेलिंगच्या नावाखाली होणारी फसवणूक: ती कशी ओळखावी आणि पैसे गेल्यास काय करावे

साड्या, ड्रेस मटेरियल किंवा इमिटेशन दागिने घाऊक बाजारातून आणून सोसायटीत, आळीत किंवा बचत गटाच्या बैठकीत विकणाऱ्या स्त्रिया महाराष्ट्रात पूर्वीपासून आहेत. मोबाइल आल्यावर गठ्ठ्याची जागा कॅटलॉगने घेतली आणि मीशोसारख्या ॲपमुळे ही पद्धत गावोगाव पोहोचली. तिच्या मूळ रूपात रिसेलर वस्तूचे फोटो ओळखीच्यांना पाठवतो, किमतीत आपले मार्जिन मिळवतो आणि ऑर्डर नोंदवतो. माल पुरवठादाराकडून थेट गिऱ्हाइकाच्या दारात जातो, पैसे बहुधा कुरिअरवाला घेतो आणि मार्जिन नंतर रिसेलरच्या बँक खात्यात जमा होते. या साखळीत रिसेलरच्या खिशातून आगाऊ रक्कम जाण्याचे कारणच उद्भवत नाही. बनावट कामात मात्र पैशाचा प्रवाह नेमका उलटा असतो, आणि बाकीच्या सगळ्या खुणा विसरल्या तरी ही एक खूण लक्षात ठेवल्यास पुरेशी आहे.

फसवणुकीचा साधा प्रकार जुना आहे. नोंदणी शुल्क, ओळखपत्राचे पैसे, ‘परत मिळणारी’ अनामत, मग कुरिअरचा खर्च, अशी रक्कम थोडी थोडी काढली जाते आणि कामाचे साहित्य (किट) कधी येत नाही, किंवा आले तर त्यात विकता न येणारा माल असतो. घरी पेन्सिल पॅकिंगचे काम देण्याच्या जाहिराती याच जातीच्या. यात नुकसान सहसा मर्यादित राहते.

दुसरा प्रकार अधिक घातक असून तो नीट समजून घेतला पाहिजे. यात उमेदवाराला एखाद्या नामांकित कंपनीच्या नावाशी मिळत्याजुळत्या संकेतस्थळावर ‘दुकान’ उघडून दिले जाते. माल ठेवायचा नाही, पाठवायचा नाही. ऑर्डर आली की घाऊक किंमत भरायची आणि किरकोळ किंमत वॉलेटमध्ये जमा झालेली पाहायची, असे त्याला सांगितले जाते. समजा, 1,840 रुपयांची ऑर्डर दिसते, 1,560 रुपये भरायला सांगतात आणि दोन दिवसांनी वॉलेटमध्ये 280 रुपये नफ्यासह पूर्ण रक्कम दिसते. ती बँकेत काढून घेताही येते, आणि फासा इथेच पडतो. हातात आलेले हे पैसे बहुधा दुसऱ्या कोणा फसलेल्या माणसाचे असतात, पण विश्वास बसायला तेवढे पुरते. मग एकाच वेळी 38,000 रुपयांच्या ऑर्डरी येतात, ठरावीक मुदतीत रक्कम न भरल्यास दुकान गोठवले जाईल आणि ‘क्रेडिट स्कोअर’ घसरेल असा इशारा येतो. टेलिग्रामच्या गटात इतर ‘विक्रेते’ आपापल्या कमाईचे स्क्रीनशॉट टाकत असतात. ते बहुतेक त्याच टोळीचे असतात. पैसे काढायला गेल्यावर आधी कर भरा, मग पडताळणी शुल्क, मग खाते ‘अपग्रेड’ करा, असे टप्पे सुरू होतात.

कराच्या या मागणीवर थोडे थांबून विचार करणे योग्य ठरेल, कारण शिकलेली माणसेही तेथेच फसतात. उगमस्थानी करकपात (टीडीएस) म्हणजे देणाऱ्याने रकमेतून कर वजा करून उरलेली रक्कम देणे. आपलेच पैसे आपल्याला देण्यासाठी आधी कोणाच्या तरी यूपीआय आयडीवर कर भरायला लावणे, असा प्रकार आयकर कायद्यात नाही आणि जीएसटीतही नाही.

काम स्वीकारण्यापूर्वी करायची तपासणी फार वेळखाऊ नाही. कंपनीचा जीएसटी क्रमांक मागावा आणि जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर करदाता शोधण्याच्या सुविधेत तो टाकून पाहावा. हा क्रमांक 15 अक्षरांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे असतात, महाराष्ट्रासाठी 27 आणि गोव्यासाठी 30, आणि पुढची दहा अक्षरे त्या व्यवसायाच्या पॅनची असतात. पुण्याचा पत्ता सांगणाऱ्या कंपनीचा क्रमांक भलत्याच राज्याचा निघाला, किंवा नोंदणी रद्द झालेली दिसली, तर जास्त शोध घेण्याची गरज नाही. मात्र क्रमांक खरा निघाला म्हणून समोरची व्यक्ती त्याच कंपनीची आहे असे सिद्ध होत नाही, कारण खऱ्या कंपनीचा क्रमांक आणि लेटरहेड उचलून वापरणे अवघड नाही. म्हणून कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरील संपर्कावर आपण स्वतः विचारणा करावी. पैसे कोणाच्या नावावर जात आहेत हेही यूपीआयच्या पडद्यावर दिसते. कंपनीऐवजी दर वेळी वेगळ्याच व्यक्तीचे नाव येत असेल तर ती भाड्याने घेतलेली खाती आहेत असे समजावे. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर संशयित फोन क्रमांक, यूपीआय आयडी किंवा संकेतस्थळ शोधण्याचीही सोय आहे. तेथे काही न सापडल्यास मात्र निर्धास्त होऊ नये, कारण क्रमांक रोज बदलतात.

पैसे गेल्यानंतरचा पहिला तास

फसवणूक लक्षात येताच पहिली गोष्ट म्हणजे पुढचा एकही रुपया न भरणे. ‘अडकलेले सोडवण्यासाठी’ भरलेली रक्कम हीच बहुधा सगळ्यांत मोठी असते, आणि ती अनेकदा सोने गहाण ठेवून किंवा बचत गटातून कर्ज काढून उभी केलेली असते.

दुसरी गोष्ट म्हणजे लगेच 1930 या क्रमांकावर फोन करणे. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्राअंतर्गत 2021 मध्ये सुरू झालेल्या यंत्रणेने बँका, पेमेंट कंपन्या आणि पोलीस एकमेकांशी जोडले आहेत. तक्रार नोंदताच पैसे ज्या खात्यात गेले त्या बँकेकडे सूचना जाते आणि रक्कम तेथे शिल्लक असेल तर ती रोखून धरली जाते. रक्कम पुढे सरकली असेल तर पुढच्या बँकेला कळवले जाते. गुन्हेगार पैसे काही मिनिटांत अनेक खात्यांत फिरवून शेवटी एटीएममधून किंवा क्रिप्टोमधून बाहेर काढतात, म्हणून घरात कोणाला सांगावे, कसे सांगावे या विचारात गेलेला वेळ महाग पडतो. फोन लागत नसेल तर थांबून न राहता सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या पोर्टलवर थेट तक्रार भरावी. फोनवर तक्रार दिली असेल तरी संदेशातून आलेला पोचक्रमांक वापरून पोर्टलवरील संपूर्ण तक्रार 24 तासांच्या आत पूर्ण करावी.

फोन करताना बँकेचे नाव, खाते क्रमांक, प्रत्येक व्यवहाराची तारीख, वेळ, रक्कम आणि यूटीआर, म्हणजे त्या व्यवहाराची ओळख असलेला क्रमांक, समोर ठेवावा. यूपीआय व्यवहारात हा 12 अंकी क्रमांक ॲपमधील व्यवहाराच्या तपशिलात मिळतो. रक्कम दहा वेळा गेली असेल तर दहाही व्यवहार स्वतंत्रपणे नोंदवावेत. केवळ एकूण आकडा सांगितल्यास बँकेला पैशाचा माग काढता येत नाही.

याच वेळी आपल्या बँकेच्या अधिकृत क्रमांकावर फोन करून कळवावे आणि शाखेत लेखी अर्ज देऊन त्याच्या प्रतीवर शिक्का व तारीख घ्यावी. इंटरनेटवर शोधून मिळालेला ‘ग्राहक सेवा’ क्रमांक वापरू नये. कार्डाच्या मागे किंवा पासबुकावर छापलेलाच वापरावा. टोळीने एखादी एपीके फाइल (अधिकृत स्टोअरबाहेरून ॲप बसवणारी फाइल) किंवा स्क्रीन दाखवणारे ॲप घ्यायला लावले असेल तर तो मोबाइल फ्लाइट मोडवर टाकावा आणि फोन करणे, पासवर्ड बदलणे ही कामे दुसऱ्या मोबाइलवरून करावीत.

पुरावा जपणे

संतापाच्या भरात गट सोडून देणे किंवा चॅट पुसून टाकणे स्वाभाविक असले तरी नुकसानकारक आहे. टेलिग्रामवर समोरची व्यक्ती दोन्ही बाजूंचे संदेश मिटवू शकते, त्यामुळे जाब विचारण्यापूर्वीच संपूर्ण संवादाचे स्क्रीनशॉट किंवा स्क्रीन रेकॉर्डिंग करून ठेवावे. दिसणारे नाव क्षणात बदलता येते, म्हणून खात्याचे युजरनेम, प्रोफाइलची लिंक आणि फोन क्रमांक वेगळा लिहून घ्यावा. बनावट दुकानाचा पूर्ण पत्ता, वॉलेटमधील रक्कम दाखवणारा पडदा, नेमणूकपत्र, पैसे भरायला सांगणारे संदेश आणि बँकेचे विवरणपत्र एका ठिकाणी ठेवावे. मोबाइल फॉरमॅट करू नये. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते, आणि मूळ उपकरण हाती असल्यास ते काम सोपे होते.

तक्रारीचा मजकूर लिहिताना आपली व्यथा सविस्तर मांडण्याचा मोह होतो. पोलिसांना आणि बँकेला मात्र क्रमवार घटना हवी असते. पुढील धर्तीवर लिहिल्यास पुरते: ‘दिनांक अमुक रोजी सकाळी 11.42 वाजता माझ्या अमुक बँकेतील बचत खात्यातून यूपीआयद्वारे 15,600 रुपये अमुक यूपीआय आयडीवर पाठवण्यात आले, यूटीआर क्रमांक अमुक. ऑनलाइन दुकानातील ऑर्डरची घाऊक किंमत म्हणून ही रक्कम भरण्यास टेलिग्रामवरील अमुक युजरनेमच्या व्यक्तीने सांगितले होते. दिनांक अमुक रोजी रक्कम काढण्याची विनंती केली असता करापोटी आणखी पैसे मागण्यात आले. दुकान व ऑर्डर बनावट असल्याचे लक्षात आल्याने मी तक्रार करीत आहे. रक्कम रोखून धरावी आणि गुन्हा नोंदवावा, ही विनंती.’

पोलीस ठाणे, बँक आणि न्यायालय

पोर्टलवरील तक्रार म्हणजे गुन्हा नोंद झाला असे नव्हे. त्यासाठी जवळच्या किंवा सायबर पोलीस ठाण्यात जावे लागते. घटना कोठे घडली यावरून परत पाठवले जात असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 चा उल्लेख करावा. हद्द कोणतीही असली तरी दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घेण्याची त्यात तरतूद आहे, आणि नोंदीची प्रत तक्रारदाराला विनामूल्य मिळते. अशा प्रकरणांत भारतीय न्याय संहितेची कलमे 318 व 319 आणि माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम 66 ड सर्वसाधारणपणे लागू होतात. ठाणे अंमलदाराने नोंद घेण्यास नकार दिला तर पोलीस अधीक्षकांकडे (शहरात असल्यास पोलीस आयुक्त कार्यालयाकडे) टपालाने अर्ज पाठवावा, आणि तरीही काही न झाल्यास न्यायदंडाधिकाऱ्यांकडे दाद मागता येते.

बँकेबाबत अपेक्षा वास्तवाला धरून ठेवलेली बरी. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकाने अनधिकृत व्यवहारात ग्राहकाची जबाबदारी मर्यादित केली आहे. ग्राहकाची चूक नसताना बाहेरच्या कोणी खात्यातून पैसे काढले आणि ग्राहकाने ते तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर ग्राहकावर बोजा पडत नाही. रिसेलिंगच्या फसवणुकीत पिन स्वतः टाकलेला असतो, त्यामुळे बँका हे संरक्षण बहुधा नाकारतात. मात्र आपण वेळेवर कळवूनही बँकेने हालचाल केली नाही, असे असेल तर तक्रारीला आधार मिळतो. 30 दिवसांत उत्तर न आल्यास किंवा ते असमाधानकारक असल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते. कार्डाने पैसे भरले असल्यास बँकेकडे चार्जबॅकची, म्हणजे तो व्यवहार उलटवून पैसे परत मिळवण्याची, मागणी अवश्य करावी.

एका प्रसंगाविषयी फारसे कोणी सावध करत नाही. या ‘कामात’ आपल्या खात्यावर अनोळखी लोकांचे पैसे आले असतील आणि ते सांगितलेल्या ठिकाणी आपण पाठवले असतील, तर आपले खातेही दुसऱ्या एखाद्या तक्रारीत गोठवले जाऊ शकते. अशा वेळी उरलेले पैसे काढून घेऊ नयेत किंवा फोनवरून मागणाऱ्याला ‘परत’ पाठवू नयेत. बँकेला लेखी कळवावे, आलेल्या प्रत्येक रकमेचा तपशील द्यावा आणि आपली स्वतःची तक्रार लगेच नोंदवावी. आधी स्वतः पुढे येऊन दिलेली माहिती नंतरच्या चौकशीत उपयोगी पडते. आपल्या शब्दावर मैत्रीण किंवा नातेवाईक त्यात शिरले असतील तर त्यांनाही त्याच दिवशी सांगावे, म्हणजे त्यांचे पैसे रोखण्याची संधी राहील.

आधार आणि पॅनच्या प्रती दिल्या असतील तर आधारचे बायोमेट्रिक लॉक करावे, संचार साथी पोर्टलवर आपल्या नावाने किती सिमकार्डे आहेत हे पाहावे आणि क्रेडिट अहवाल मागवून नावावर अनोळखी कर्ज नाही ना, याची खात्री करावी. सिबिलसारख्या प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एक पूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो.

यानंतर दोन प्रकारचे फोन येण्याची शक्यता असते. पहिला ‘वकिलाचा’: कराराचा भंग केल्याबद्दल लाखाची भरपाई द्या, नाहीतर वॉरंट निघेल. व्हॉट्सॲपवर आलेल्या अशा नोटिशीला पैसे पाठवून उत्तर देऊ नये. ती पुराव्यात जोडावी. व्हिडिओ कॉलवर अटक करण्याची तरतूद कोणत्याही कायद्यात नाही. दुसरा फोन मदतीचा असतो: आम्ही सायबर सेलमधून बोलतो, तुमची रक्कम सापडली आहे, प्रक्रिया शुल्क भरा. फसलेल्यांची यादी टोळ्यांच्या हाती असतेच, त्यामुळे त्यांना आपली रक्कम आणि तारीखसुद्धा ठाऊक असू शकते. 1930 किंवा पोलीस यांपैकी कोणीही पैसे परत करण्यासाठी शुल्क घेत नाही.

रक्कम रोखली गेली असेल तर ती आपोआप खात्यात येईलच असे नाही. सामान्यतः न्यायदंडाधिकाऱ्यांकडे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 503 खाली अर्ज करावा लागतो. त्यासोबत गुन्ह्याची किंवा तक्रारीची प्रत, बँकेचे विवरणपत्र आणि कोणत्या खात्यात किती रक्कम रोखली आहे याचा तपशील लागतो. हा तपशील तपास अधिकाऱ्याकडे लेखी मागावा. वकिलाचा खर्च परवडणार नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमानुसार स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता विनामूल्य वकील मिळतो, आणि राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक 15100 आहे. तपासाची प्रगती 90 दिवसांच्या आत तक्रारदाराला कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. ती मुदत उलटून गेली आणि काहीच कळले नाही, तर गुन्हा क्रमांक घालून तपास अधिकाऱ्याला लेखी स्मरणपत्र द्यावे आणि त्याची पोच घ्यावी.