ग्रँड नॅशनलचे दावेदार आणि हँडिकॅपचे वजन : पारख कशी करावी

ग्रँड नॅशनल ही घोड्यांची अडथळ्यांची शर्यत दरवर्षी एप्रिलमध्ये इंग्लंडातल्या लिव्हरपूलजवळच्या एनट्री रेसकोर्सवर होते. २०२४ पासून ती तिथल्या दुपारी चार वाजता, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेआठला सुरू होत असल्यामुळे, आंब्याच्या दिवसांत बागेची कामे उरकून बसलेल्या कोकणातल्या माणसालाही ती निवांत पाहता येते. अलिबाग-नागावच्या पुळणीवर ओहोटी साधून होणाऱ्या बैलगाड्यांच्या शर्यती पाहत जे मोठे झाले आहेत, त्यांना धावत्या जनावराची नजर असतेच. मात्र ग्रँड नॅशनलमध्ये प्रत्येक घोड्यावर वेगळे वजन असते आणि ते त्याच्या आजवरच्या कामगिरीवरून ठरवलेले असते, ही गोष्ट आपल्या नजरेला सवयीची नाही. म्हणून या शर्यतीत सर्वांत चांगला घोडा शोधत बसू नये. हँडिकॅपरने, म्हणजे हे वजन ठरवणाऱ्या अधिकाऱ्याने, दिलेल्या आकड्यापेक्षा प्रत्यक्षात सरस असलेला आणि एवढ्या अंतरावर, एवढ्या उड्यांमध्ये टिकणारा घोडा शोधावा. पुढे दिलेली पद्धत या पारखीसाठी आहे, पैसे लावण्यासाठी नाही. तिला एक वही, पेन्सिल आणि थोडी चिकाटी पुरते.

आधी शर्यतीचे स्वरूप पक्के लक्षात घ्यावे. अंतर चार मैल अडीच फर्लांग, म्हणजे सुमारे ६.९ किलोमीटर आहे. दोन फेऱ्यांत मिळून ३० उड्या घ्याव्या लागतात आणि शेवटच्या उडीनंतर जवळजवळ साडेचारशे मीटरची उघडी धाव उरते, जिच्यात आघाडीवरचे अनेक घोडे दमून मागे पडलेले आहेत. घोडा किमान सात वर्षांचा असावा लागतो. सुरक्षिततेसाठी २०२४ पासून घोड्यांची कमाल संख्या ४० वरून ३४ करण्यात आली आणि पहिला अडथळा सुरुवातीच्या रेषेच्या जवळ आणला गेला, जेणेकरून घोडे त्याच्यावर भरधाव जाऊन आदळू नयेत.

आता वजन. ब्रिटिश हॉर्सरेसिंग अथॉरिटीचे हँडिकॅपर प्रत्येक घोड्याला एक रेटिंग देतात आणि रेटिंगचा एक अंक म्हणजे एक पौंड, सुमारे ४५४ ग्रॅम वजन. सर्वाधिक रेटिंगच्या घोड्याला सर्वाधिक वजन मिळते आणि बाकीच्यांचे वजन रेटिंगमधल्या फरकाइतके कमी होते. जॉकी आणि खोगीर मिळून ठरलेले वजन भरत नसेल, तर खोगिराखालच्या कापडाच्या खिशांत शिशाच्या चपट्या पट्ट्या सरकवून ते पुरे केले जाते आणि शर्यतीनंतर जॉकीला खोगिरासह पुन्हा काट्यावर उभे केले जाते. इंग्लंडात वजन स्टोन आणि पौंडांत लिहितात व एक स्टोन १४ पौंडांचा असतो, एवढे ध्यानात ठेवले की यादी वाचता येते.

२०२३ ची यादी यासाठी उत्तम उदाहरण आहे. त्या वर्षी सर्वांत वरच्या एनी सेकंड नाऊ या घोड्याचे रेटिंग १६७ होते आणि त्याच्यावर ११ स्टोन १२ पौंड, म्हणजे १६६ पौंड वजन होते. कोराक रॅम्बलरचे रेटिंग १४६ होते. फरक २१ अंकांचा, म्हणून त्याचे वजन १६६ वजा २१, म्हणजे १४५ पौंड किंवा १० स्टोन ५ पौंड झाले. हा हिशेब दहा-बारा घोड्यांसाठी स्वतःच्या हाताने करून पाहावा, कारण तयार छापलेली यादी वाचण्याने जे उमगत नाही ते आकडेमोड करताना आपोआप डोक्यात बसते.

या शर्यतीची वजने फेब्रुवारीत जाहीर होतात आणि त्यानंतर एखादा घोडा कुठे जिंकला, तरी त्याच्यावर जादा वजन चढत नाही. पारख करणाऱ्याला सर्वांत मोठी संधी याच दोन महिन्यांत सापडते. कोराक रॅम्बलरने मार्चमध्ये चेल्टनहॅमची अल्टिमा ही शर्यत सलग दुसऱ्या वर्षी जिंकली आणि त्याचे रेटिंग १५६ वर गेले. पण ग्रँड नॅशनलसाठी त्याचे वजन १४६ च्या हिशेबानेच कायम राहिले. म्हणजे हँडिकॅपरच्याच नव्या मतानुसार तो दहा पौंड हलका धावणार होता. तो फेव्हरिट ठरला आणि जिंकलाही. म्हणून वहीत प्रत्येक घोड्यापुढे दोन स्तंभ आखावेत : पहिल्यात वजने जाहीर झाली तेव्हाचे रेटिंग आणि दुसऱ्यात शर्यतीच्या आठवड्यातले रेटिंग. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा मोठा असेल, तो घोडा आधी तपासावा. अर्थात अशी तफावत सर्वांनाच दिसत असते, त्यामुळे तेवढ्यावर विसंबू नये. पण ती न पाहता पुढे जाणे हे तर केव्हाही चूकच.

आकडा आणि घोडा यांच्यातले अंतर समजून घ्यायचे असेल, तर १९७३ च्या शर्यतीइतका चांगला धडा दुसरा नाही. ऑस्ट्रेलियाहून आलेल्या क्रिस्पवर १२ स्टोन वजन होते आणि रेड रमवर १० स्टोन ५ पौंड. फरक २३ पौंडांचा, म्हणजे दहा किलोंहून जास्त. क्रिस्पने बराच काळ प्रचंड आघाडी राखली आणि शेवटच्या धावेत तो थकून डगमगू लागला, तेव्हा रेड रमने त्याला अवघ्या पाऊण लेंग्थने (एक लेंग्थ म्हणजे एका घोड्याची लांबी) गाठून हरवले. त्याच वर्षी डॉनकास्टरला दोघे समान वजनावर समोरासमोर आले, तेव्हा क्रिस्प सहज जिंकला. एवढेच वाचणाऱ्याला वाटते की रेड रमला वजनाने तारले. पण पुढच्याच वर्षी रेड रमने तेच १२ स्टोन पाठीवर घेऊन एनट्रीला पुन्हा विजय मिळवला आणि १९७७ मध्ये तिसऱ्यांदाही. माझ्या मते या सगळ्याचा अर्थ असा की १९७३ मधला त्याचा आकडा त्याच्या खऱ्या ताकदीच्या, निदान एनट्रीवरच्या ताकदीच्या, बराच मागे होता. समान वजनावर, दुसऱ्या मैदानावर कोण सरस, हा प्रश्न वेगळा. या मैदानावर, या वजनावर कोण सरस, हा वेगळा. पारख करताना दुसरा प्रश्न एक क्षणही नजरेआड होऊ देऊ नये.

अनेक जुने अभ्यासक ११ स्टोनपेक्षा जास्त वजनाच्या घोड्यावर सरळ काट मारत असत. हा नियम आता टाकून द्यावा. मेनी क्लाउड्स २०१५ मध्ये ११ स्टोन ९ पौंडांवर, टायगर रोल २०१९ मध्ये ११ स्टोन ५ वर, आय अ‍ॅम मॅक्सिमस २०२४ मध्ये ११ स्टोन ६ वर आणि निक रॉकेट २०२५ मध्ये ११ स्टोन ८ वर जिंकला. याची कारणे उघड आहेत. शर्यतीत येणाऱ्या घोड्यांचा दर्जा वाढला, प्रवेशासाठीचे किमान रेटिंग १३० झाले, त्यामुळे वरच्या आणि खालच्या घोड्यांतले वजनाचे अंतर आक्रसले. शिवाय २०१३ पासून अडथळ्यांच्या आतली लाकडी चौकट जाऊन तिथे लवचीक प्लास्टिकचा गाभा आला, त्यामुळे दर्जेदार घोडा एखाद्या चुकलेल्या उडीमुळे बाद होण्याचा धोकाही कमी झाला. आज जड वजन हा दोष समजू नये. ते दर्जाचे प्रमाणपत्र समजावे आणि त्या दर्जाला अंतराची जोड आहे का, ते पाहावे.

अंतराची तपासणी मागच्या शर्यतींवरून करावी. ज्याने तीन मैलांपुढची एकही शर्यत नीट पुरी केलेली नाही, त्याचे रेटिंग कितीही आकर्षक असले तरी त्याला यादीच्या तळाशी ठेवावे. चेपस्टोची वेल्श ग्रँड नॅशनल, फेअरीहाउसची आयरिश ग्रँड नॅशनल, वॉरिकची क्लासिक चेस आणि एनट्रीच्याच अडथळ्यांवर डिसेंबरमध्ये होणारी बेचर चेस या शर्यतींचे निकाल त्यासाठी मुद्दाम पाहावेत. वन फॉर आर्थर वॉरिकची शर्यत जिंकून २०१७ मध्ये एनट्रीला आला आणि तिथेही जिंकला. आय अ‍ॅम मॅक्सिमसने त्याआधी आयरिश ग्रँड नॅशनल जिंकली होती. केवळ पहिला क्रमांक मात्र शोधू नये. रूल द वर्ल्डने २०१६ ची ग्रँड नॅशनल जिंकली, तेव्हा त्याने त्यापूर्वी स्टीपलचेसमध्ये, म्हणजे अशा मोठ्या अडथळ्यांच्या शर्यतीत, एकही विजय मिळवलेला नव्हता. पण २०१५ च्या आयरिश ग्रँड नॅशनलमध्ये तो दुसरा आला होता आणि ज्याने ते बारकाईने वाचले, त्याला त्याच्या दमाची खूण तिथेच सापडली असती.

घोड्याच्या नावापुढे छापलेली आकड्यांची ओळ डावीकडून उजवीकडे वाचावी. सर्वांत उजवीकडचा आकडा अलीकडच्या शर्यतीचा असतो. मधली आडवी रेघ दोन हंगामांना वेगळे करते. एफ म्हणजे घोडा पडला, यू म्हणजे जॉकी पाठीवरून उडाला, पी म्हणजे जॉकीने घोड्याला मध्येच थांबवले. समजा, ओळ ‘३१-२यू१४’ अशी आहे. तर मागच्या हंगामात तिसरा आणि पहिला क्रमांक, या हंगामात दुसरा, मग जॉकी उडाला, मग विजय आणि शेवटी चौथा क्रमांक. एखाद्या यू वरून घोड्याला नाकारू नये, कारण शेजारच्या घोड्याच्या धक्क्यानेही जॉकी पडतो. त्या शर्यतीची चित्रफीत मिळाल्यास पाहावी. एफ वारंवार दिसत असेल, किंवा सलग दोन-तीनदा पी असेल, तर मात्र हयगय न करता घोडा बाजूला काढावा. तीस उड्यांची शर्यत अशा घोड्याला क्षमा करत नाही.

दोन घोडे पूर्वी एकमेकांशी भिडले असतील, तर त्यांची तुलना आकड्यांत करता येते. तीन मैलांच्या आसपासच्या अडथळ्यांच्या शर्यतीत एक लेंग्थ म्हणजे ढोबळमानाने एक पौंड धरतात. समजा, जानेवारीत ‘क’ या घोड्याने ‘ख’ पेक्षा आठ पौंड जास्त वजन घेऊन त्याला चार लेंग्थने हरवले. मग त्या दिवशी ‘क’ बारा पौंडांनी सरस ठरला. ग्रँड नॅशनलमध्ये ‘क’ वर ‘ख’ पेक्षा सातच पौंड जास्त असतील, तर कागदावर ‘क’ ला पाच पौंडांचा लाभ आहे. मग लगेच पुढचे प्रश्न विचारावेत : ‘ख’ शेवटी वेग वाढवत होता की ढेपाळत होता, अंतर आणखी मैलभर असते तर निकाल तोच लागला असता का, आणि त्या दिवशीचे मैदान कोणाच्या पथ्यावर पडले होते?

मैदानाचा प्रश्न आपल्याकडच्या वाचकाला समजावून सांगण्याची फारशी गरज नाही. नुकते पाणी ओसरलेल्या घट्ट पुळणीवर जी जोडी सुसाट निघते, तीच वरच्या कोरड्या, पाय रुतणाऱ्या वाळूत अडखळते. इंग्लंडातल्या ‘गुड’, ‘सॉफ्ट’ आणि ‘हेवी’ जमिनीत नेमका असाच फरक असतो. घोड्याचे विजय कोणत्या जमिनीवर आले, हे वहीत नोंदवावे आणि शर्यतीच्या आदल्या दोन दिवसांचा पाऊस पाहूनच अंतिम मत बनवावे. जमीन जड असेल, तेव्हा वजनाचा प्रत्येक पौंड अधिक जाणवतो, त्यामुळे हलक्या वजनाच्या, दमदार घोड्यांना त्या दिवशी वरची जागा द्यावी.

वयाबद्दल थोडक्यात. आठ ते अकरा वर्षे हा पट्टा सर्वांत भरवशाचा आहे आणि अलीकडे आठ-नऊ वर्षांचे घोडे अधिक जिंकले आहेत. नोबल येट्स २०२२ मध्ये सातव्या वर्षी जिंकला, पण त्याआधीचा सात वर्षांचा विजेता १९४० मधला बॉगस्कार होता.

आयर्लंडच्या घोड्यांबाबत एक सावधगिरी बाळगावी. तिथले रेटिंग वेगळे असते आणि ब्रिटिश हँडिकॅपर त्यांना स्वतःचे, पुष्कळदा काही पौंड जास्तीचे रेटिंग देतात. दोन्ही आकडे एकाच स्तंभात लिहिले, तर सगळा हिशेब बिघडतो. म्हणून एनट्रीसाठी जाहीर झालेला आकडाच वापरावा. या रेटिंगवरून वादही होतात. २०२१ मध्ये टायगर रोलच्या मालकांनी त्याचे रेटिंग अवाजवी असल्याचे सांगून त्याला शर्यतीतून काढून घेतले होते. अशी मोठी नावे बाहेर पडली की यादी नव्याने वाचावी.

या क्रमाने गेल्यास यादी सहा-सात नावांवर येते : आधी दम, मग उडी, मग दोन रेटिंगमधली तफावत, मग जमीन. हा क्रम मी मुद्दाम आग्रहाने सांगतो, कारण तफावतीपासून सुरुवात करणारा माणूस आकड्यांच्या मोहात पडून असा घोडा निवडतो, ज्याला चौथा मैल झेपणारच नसतो. शर्यतीपूर्वी पॅडॉकमध्ये, म्हणजे मैदानाशेजारच्या कुंपणाच्या आवारात, घोडे फिरताना दाखवतात, तेव्हा निवडलेली नावे पुन्हा पाहावीत. मागच्या पायांमध्ये घामाचा फेस, सतत झटकली जाणारी मान आणि आवरताना दमणारा मोतद्दार दिसला, तर घोडा शर्यतीपूर्वीच ताकद खर्च करत आहे असे समजावे. सैल, लांब पावले टाकणारा, कान पुढे रोखलेला घोडा मनात ठेवावा.

शर्यत संपल्यावर वही मिटू नये. नवी रेटिंग सहसा मंगळवारी प्रसिद्ध होतात. ती पाहून विजेत्यासोबतच दुसऱ्या ते सहाव्या क्रमांकाच्या घोड्यांचे आकडे किती चढले, हे नोंदवावे. आय अ‍ॅम मॅक्सिमस १५९ वर जिंकला आणि पुढच्या वर्षी १६७ च्या रेटिंगने, सर्वाधिक वजन घेऊन उतरला. तरीही आपल्यापेक्षा चार पौंड हलक्या निक रॉकेटमागे अडीच लेंग्थनेच दुसरा आला. लेंग्थ आणि पौंडाचा वरचा हिशेब या दोघांना लावून पाहावा आणि जे उत्तर येईल ते दोन्ही नावांसमोर तारीख घालून लिहून ठेवावे. पुढच्या फेब्रुवारीत वजनांची यादी आली की पहिली नोंद तिथूनच सुरू करावी.