पर्यावरणपूरक घरे आणि वस्तीचा विकास : स्थानिक बांधकाम व्यावसायिकांनी या चुका टाळाव्यात

एकाच परिसरात वर्षानुवर्षे घरे बांधणाऱ्या व्यावसायिकाकडे मोठ्या कंपन्यांकडे सहसा नसणारी एक गोष्ट असते : आपण बांधलेल्या घरांसमोरून त्याला रोज जावे लागते. कोणती भिंत ओल धरते, कोणत्या कोपऱ्यात पावसाचे पाणी तुंबते, कोणत्या इमारतीचे सभागृह कायम कुलपात असते, हे त्याला कोणत्याही अहवालाशिवाय कळते. असे असूनही शाश्वत बांधकामाचा विचार सुरू झाला की हे ज्ञान बाजूला पडते आणि चर्चा सौर पॅनेल, प्रमाणपत्रे व जाहिरातीतला हिरवा रंग यांवर येऊन थांबते. माझ्या मते या क्षेत्रातल्या बहुतेक चुका हेतूच्या नसून क्रमाच्या असतात. जे सर्वांत आधी ठरायला हवे ते शेवटी ठरते आणि मग पैसा खर्चूनही हवा तो परिणाम मिळत नाही.

नकाशा पक्का झाल्यावर पर्यावरणाचा विचार करणे

इमारतीची दिशा, खिडक्यांची जागा आणि छज्जांची खोली या गोष्टी नकाशावर बदलायला जवळजवळ काहीच खर्च येत नाही. भिंती उभ्या राहिल्यावर मात्र त्या बदलताच येत नाहीत. इमारतीच्या लांब बाजू उत्तर आणि दक्षिणेकडे ठेवल्या, तर भर दुपारचे उंचावरचे ऊन साध्या आडव्या छज्जाने अडवता येते. पश्चिमेचे ऊन तिरपे आणि कमी उंचीवरून येते, त्यामुळे तिथे छज्जा कितीही वाढवला तरी उपयोग होत नाही. उभे पडदे, झडपा, झाडे किंवा मुळातच लहान खिडक्या हाच त्यावरचा उपाय आहे. पश्चिमेला भलीमोठी काच लावून नंतर वातानुकूलन यंत्राची क्षमता वाढवणारा विकासक आपल्या नकाशातील चुकीचा खर्च प्रत्येक महिन्याच्या वीजबिलातून रहिवाशांकडून वसूल करत असतो.

वरच्या मजल्यावरचे लोक उकाड्याची तक्रार करत असतील, तर दोष प्रथम गच्चीत शोधावा. तापलेला स्लॅब दिवसभर साठवलेली उष्णता रात्री खोलीत सोडतो. म्हणून उष्णतारोधक थर स्लॅबच्या वरच्या बाजूस असावा आणि त्यावर परावर्तक रंग किंवा फिक्या रंगाच्या फरश्या असाव्यात. पांढरा रंग धुळीने काळवंडला की त्याची परावर्तनाची क्षमता घटते, त्यामुळे गच्ची धुण्याचे काम देखभालीच्या यादीत लिहून ठेवावे.

थंड हवामानात नेमकी उलटी तक्रार येते. फटी बुजवल्या, दुहेरी काच बसवली आणि पुढच्याच हिवाळ्यात खोल्यांच्या कोपऱ्यांत बुरशी दिसू लागली, असे झाल्यास उष्णतारोधक थराला दोष देण्याआधी दोन गोष्टी तपासाव्यात. घर हवाबंद केले, पण स्वयंपाकघर आणि स्नानगृहातली दमट हवा बाहेर काढण्याची सोय केली का? आणि काँक्रीटचा एखादा तुळईचा भाग किंवा सज्जाचा स्लॅब उष्णतारोधक थर भेदून थेट बाहेर गेला आहे का? तो भाग आतून थंड राहतो, त्यावर हवेतली वाफ द्रव होते आणि बुरशी तिथेच धरते. वरून रंग देऊन ती जात नाही.

सिमेंट बदलले, वेळापत्रक मात्र जुनेच

जगातील कार्बन डायऑक्साइडच्या एकूण उत्सर्जनापैकी साधारण 7 ते 8 टक्के वाटा सिमेंट उद्योगाचा आहे. त्यातला निम्म्याहून अधिक भाग इंधनातून येत नाही. भट्टीत चुनखडीचे विघटन होतानाच तो वायू बाहेर पडतो. त्यामुळे भट्टीचे इंधन बदलून प्रश्न अर्ध्यावरच सुटतो आणि खरी बचत कमी सिमेंट वापरण्यात राहते : खांबांमधले अंतर आटोक्यात ठेवणे, तळघरातील पार्किंग टाळणे, जुन्या इमारतीचा सांगाडा भक्कम असेल तर तो न पाडता वापरणे. इमारतीची सामग्री तयार करताना होणाऱ्या कार्बन उत्सर्जनाचा मोठा वाटा पाया आणि सांगाड्यातच असतो, म्हणून पाडकामाचा निर्णय घेण्याआधी संरचना अभियंत्याकडून तपासणी करून घेणे हे मला कोणत्याही हरित प्रमाणपत्रापेक्षा महत्त्वाचे वाटते.

फ्लाय ॲश (कोळशावरच्या वीज केंद्रातली राख) किंवा स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली मळी) मिसळलेले मिश्र सिमेंट हा चांगला पर्याय आहे, पण त्याची ताकद सुरुवातीला सावकाश वाढते. साइटवर नेहमीच्याच दिवशी सेंटरिंग, म्हणजे ओल्या काँक्रीटला आधार देणारा साचा, काढले आणि पाणी मारणे लवकर थांबवले, तर पृष्ठभागावर भेगा पडतात, भुकटी सुटते आणि खापर नव्या सिमेंटवर फोडले जाते. साध्या सिमेंटला किमान 7 दिवस आणि मिश्र सिमेंटला किमान 10 दिवस पाणी मिळाले पाहिजे. हवा कोरडी व उष्ण असेल तर त्याहूनही जास्त. ठेकेदाराशी करार करतानाच हे दिवस वेळापत्रकात मांडले नाहीत, तर मुदत गाठण्याच्या घाईत ते हमखास कापले जातात.

सांभाळता न येणारी यंत्रे बसवणे

दक्षिण लंडनमधील बेडझेड ही 82 घरांची वसाहत 2002 साली पूर्ण झाली आणि शाश्वत वस्तीचे उदाहरण म्हणून जगभर गाजली. तिथे लाकडाच्या तुकड्यांवर वीज आणि उष्णता निर्माण करणारे संयंत्र बसवले होते. ते भरवशाने चालू शकले नाही आणि त्याच्या जागी गॅसवर चालणारे बॉयलर आणावे लागले. दुसरीकडे त्याच घरांच्या जाड, उष्णतारोधक भिंती आणि सूर्यप्रकाश आत घेणाऱ्या काचा कोणत्याही देखभाल-कराराविना आपले काम करत राहिल्या. लहान विकासकाने या अनुभवातून घ्यायचा निर्णय सरळ आहे : आधी हलणारे भाग नसलेल्या गोष्टींवर खर्च करावा.

कोणतेही यंत्र निवडताना तीन प्रश्नांची लेखी उत्तरे घ्यावीत. बिघाड झाल्यास दुरुस्त करणारा माणूस किती अंतरावर आहे, सुटे भाग किती दिवसांत मिळतात आणि वार्षिक खर्च कोण देणार आहे? सांडपाणी शुद्धीकरण केंद्र बंद पडते तेव्हा त्यामागे यंत्राचा बिघाड असतोच असे नाही. अनेकदा पुरेशी घरे राहायला आलेली नसतात, केंद्रापर्यंत पुरेसे सांडपाणीच पोहोचत नाही आणि शुद्धीकरण करणारे जीवाणू उपाशी राहतात. अशा वेळी केंद्र टप्प्याटप्प्याने वाढवता येईल असे बांधणे हाच उपाय आहे.

माती, झाडे आणि शेजाऱ्यांच्या दारातले पाणी

काम सुरू होताच सर्वांत आधी नष्ट होतो तो जमिनीचा वरचा सुपीक थर. तो साधारण 15 ते 30 सेंटिमीटरचा असतो. तो वेगळा काढून, झाकून ठेवला तर बागेसाठी बाहेरून माती आणावी लागत नाही. जपलेली मोठी झाडे काम संपल्यावर तीन-चार वर्षांनी वाळतात, तेव्हा लोकांना कीड लागल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात ट्रक आणि विटांच्या ढिगांखाली माती घट्ट दाबली गेलेली असते आणि मुळांना हवा मिळत नाही. जमिनीपासून दीड मीटर उंचीवर खोडाचा जो व्यास असेल, त्याच्या 12 पट त्रिज्येचे वर्तुळ कुंपण घालून बंद करावे, असा ब्रिटिश मानकातला नियम आहे आणि तो कुठेही वापरण्याजोगा आहे. हे कुंपण पहिले यंत्र आत येण्यापूर्वी उभे राहिले पाहिजे.

पाण्याचा हिशेब सोपा आहे : 100 चौरस मीटर छतावर 10 मिलिमीटर पाऊस पडला की सुमारे 1,000 लिटर पाणी जमते. मोकळ्या जमिनीत जे पाणी पूर्वी मुरत होते, ते फरसबंदी झाल्यावर काही मिनिटांत सखल भागाकडे, म्हणजे बहुधा जुन्या शेजाऱ्यांच्या दाराकडे धावते. नव्या इमारतीविषयी वस्तीत कटुता निर्माण होण्याचे हे एक मोठे कारण आहे, आणि ती कटुता रास्त आहे. भराव टाकून आपले जोते उंचावण्याआधी पाण्याची जुनी वाट शोधावी, ती मोकळी ठेवावी आणि पाणी मुरू देणारी फरसबंदी करावी. पाणी जमिनीत मुरवणारा शोषखड्डा पहिल्या दोन पावसांत तुंबत असेल, तर तो बहुधा बांधकाम चालू असतानाच वापरात आला आहे आणि सिमेंटचा गाळ त्यात बसला आहे. खड्डा शेवटी जोडावा, त्याआधी गाळ बसण्यासाठी टाकी ठेवावी आणि पहिल्या पावसाचे घाण पाणी वेगळे सोडावे.

लोकांना शेवटी विचारणे

मंजुरी मिळाल्यावर बोलावलेली बैठक ही सल्लामसलत नसून केवळ घोषणा असते, हे येणाऱ्यांना लगेच कळते. नकाशा अजून बदलता येतो अशा टप्प्यावर लोकांना भेटावे, आणि तेही एकाच सभेत नव्हे. संध्याकाळच्या सभेला लहान मुलांच्या आया, पाळीत काम करणारे कामगार आणि वृद्ध सहसा येत नाहीत. पायवाट, बाक, दिवे आणि सुरक्षित रस्ता यांची गरज मात्र त्यांनाच अधिक असते. त्यांच्या सोयीच्या वेळी, त्यांच्या दारी जावे लागते. त्यानंतर कोणत्या सूचना स्वीकारल्या, कोणत्या नाकारल्या आणि का, हे लेखी कळवावे. नकार लोक सहन करतात. उत्तरच न मिळणे त्यांना सहन होत नाही.

सभागृह किंवा बाग बांधून दिली की सामाजिक कर्तव्य संपले, असा समज असतो. किल्ली कोणाकडे, वीजबिल कोण भरणार, बाहेरच्या वस्तीतील मुलांना आत येता येईल का, हे ठरले नसेल तर दोन वर्षांत तिथे कुलूप दिसते. सभोवार भिंत उभारून लोकांची रोजची वाट बंद करणाऱ्या प्रकल्पाने आत कितीही झाडे लावली, तरी त्याने वस्तीकडून काहीतरी काढूनच घेतलेले असते. याउलट स्थानिक तरुणांना गवंडीकाम, नळकाम किंवा वीजजोडणी शिकवून कामावर घेणे, लहान ठेकेदारांची देयके वेळेत चुकती करणे आणि साइटवरील कामगारांसाठी पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह व सावली देणे, यातून परिसरात टिकणारे कौशल्य आणि विश्वास तयार होतो.

किल्ल्या देऊन निघून जाणे

रहिवाशांना घरासोबत नळ व वीजवाहिन्या प्रत्यक्ष जिथे टाकल्या त्यांचे नकाशे आणि त्यांच्याच भाषेतली छोटी पुस्तिका द्यावी : कोणती झडप कधी उघडायची, गाळणी किती दिवसांनी धुवायची, पंख्याचे जाळे कसे काढायचे. सामाईक विजेचे आणि पाण्याचे मीटर वेगळे असावेत, कारण मोजमाप नसेल तर बचतीचा दावा सिद्धही करता येत नाही आणि सुधारताही येत नाही. एक पूर्ण वर्ष उलटल्यावर, म्हणजे सगळे ऋतू पार पडल्यावर, विकासकाने आपल्या वास्तुविशारदाला आणि साइटवरील मुकादमाला सोबत घेऊन त्या घरांमध्ये पुन्हा जावे, मीटरचे आकडे उतरवून घ्यावेत, रहिवाशांनी बंद करून ठेवलेल्या वस्तूंची यादी करावी आणि पुढच्या प्रकल्पाचा नकाशा काढायला बसण्यापूर्वी ती यादी टेबलावर ठेवावी.